पंचाचे दोन प्रश्न

एकवीस वर्षं हॅलर्स क्रॉसिंग गावच्या बर्फावरच्या हॉकीच्या रिंकवर पेटीचं दार मी उघडत आलो. पेटी म्हणजे पेनल्टी बॉक्स. खेळताना कुणी आगळीक केली की पंच त्याला माझ्याकडे आणून बसवतो. शिक्षेची मिनिटं भरली की मी कडी काढायची आणि त्याला परत बर्फावर सोडायचं. पगार नाही, काही नाही. एक कॉफी फुकट मिळायची, तीही कँटीनवाल्या बर्निसचं डोकं ठिकाणावर असलं तर. पण गावात मान होता. पेटीला समोर कमरेएवढं लाकूड, त्यावर डोक्याच्याही वर जाणारी काच, आणि मागे सिमेंटची भिंत. वडिलांच्या पिढीने रिंक बांधली तेव्हा मागून दार ठेवायचं विसरले. पुढच्या वर्षी करू, पुढच्या वर्षी करू म्हणता म्हणता चाळीस वर्षं गेली. आत शिरलेल्याला बाहेर पडायचं तर बर्फावरूनच पडावं लागतं, सगळ्या गावासमोर.

त्या पेटीत माझा मुलगा लुबोमिर माझ्याशेजारी जेवढा बसलाय, तेवढा घरच्या जेवणाच्या टेबलाशी बसला नसेल. सव्वीस वर्षांचा आहे. दिवसा धान्याच्या कोठारावर काम, आठवड्यातून दोनदा मॅच. मॅचमध्ये त्याचं काम एकच. आपल्या नाजूक खेळाडूला कुणी हात लावला की हातमोजे फेकायचे आणि त्या माणसाला बडवायचं. मग पाच मिनिटं पेटीत. मग परत.

हिवाळा लागल्यापासून तो खोलीचे पडदे उघडत नव्हता. उजेडाने डोकं ठणकतं म्हणायचा. डिसेंबरात तर आमच्याच शेताकडे वळायचा रस्ता चुकला आणि दहा मैल पुढे गेला. लेसिया, म्हणजे माझी बायको, माझ्याशी भांडून भांडून थकली होती. शेवटी एक दिवस भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "त्याला दार तूच उघडून देतोस ना?" बस, एवढंच. त्यानंतर तिने रिंकवर पाऊल ठेवलं नाही.

आता मर्डोबद्दल सांगायला हवं. मर्डो किनेअर्ड आमच्या रेडिओवर मॅचचं वर्णन करतो. वरच्या काचेच्या खोलीत बसतो, गुलाबी कोट घालतो आणि घसा फाटेस्तोवर बोलतो. आमच्याकडची गंमत अशी, की मॅच डोळ्यासमोर चाललेली असली तरी निम्मं गाव कानात रेडिओचं यंत्र खुपसून मर्डोला ऐकत असतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खरं की खोटं, हे मर्डोने सांगितल्याशिवाय ठरत नाही. तो म्हणाला "भित्रा", की तो पोरगा भित्रा. मग त्याला गावात कुणी वाळीत टाकायचंही बाकी ठेवत नाही. मीही त्यातलाच. माझ्याही डाव्या कानात मर्डो असतोच.

त्या रविवारी दुपारी चषकाची शेवटची मॅच होती. बाहेर उणे एकतीस. दीड तास आधीच मी रिंकच्या कँटीनमध्ये जाऊन बसलो. ह्यूई अबर्नथी आधीच तिथे होता. कोठारावरून निवृत्त झाल्यापासून त्याला दुसरा उद्योग नाही. काउंटरमागे बर्निस फ्रीझन पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, उकडत होती.

"सापळा!" ह्यूईने कप आदळला. "पेल्टिए मास्तर शाळेत भूमिती शिकवतो, तीच इथे कोच होऊन शिकवायला लागलाय. चौघांनी मधल्या पट्ट्यात उभं राहायचं, समोरचा आला की त्याला कडेला रेटायचं आणि चकती काढून घ्यायची. ही काय हॉकी झाली? ही तर उंदीर पकडायची तऱ्हा!"

"मग सापडतायत ना उंदीर?" बर्निस म्हणाली. "सहा मॅच ओळीने जिंकलो."

"काल मर्डो काय म्हणाला ऐकलंस का?"

"मला कशाला ऐकायला हवं? तू आहेस की त्याचा भोंगा."

"मर्डो म्हणाला, सापळ्याने मॅच जिंकता येते, चषक नाही जिंकता येत. चषकाला खुंटा लागतो!" आणि ह्यूईने माझ्या पाठीत एक सणसणीत थाप मारली. "काय ऑरेस्ट? आज खुंटा त्या रस्कला जमिनीत गाडणार ना?"

खुंटा म्हणजे माझा लुबो. हे नाव मर्डोनेच ठेवलं. कुंपणाचा खुंटा, कुणी कितीही लाथा मारा, हलत नाही. पोरांच्या टोप्यांवरसुद्धा ते छापलंय. रस्क म्हणजे समोरच्या संघाचा मारकुटा. केल्व्हिन रस्क, सहा फूट पाच इंच, मानेच्या जागी सरळ खांदेच.

"मर्डो स्वतः किती खेळलाय रे?" बर्निसने झारा आमच्याकडे रोखला. "एकोणिसाव्या वर्षी गुडघा दुखतो म्हणून घरी बसला तो बसलाच. दुसऱ्याच्या पोराचे दात पाडून शौर्य गाजवायला याचं काय जातं?"

"तुम्हा मेनोनाइट पंथाच्या लोकांना काय कळणार! तुमच्यात मारामारी म्हणजे पाप."

"माझ्या सासूबरोबर अर्धा तास बसवते तुला. मग सांग मारामारी कुणात नसते ते."

सगळे हसले. मीही हसलो. हसून हसून ह्यूई सिगारेट ओढायला बाहेर गेला, तशी बर्निस काउंटरवर वाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ऑरेस्ट, मगाशी लुबो आला होता. कॉफी मागितली, दिली. कप हातात असताना परत मागितली. बरा आहे ना तो?"

"थकलाय जरा," मी म्हणालो.

"माझा मुलगा असता तर मी त्याला घरी घेऊन गेले असते."

"तुझा मुलगा कॅल्गरीत विमा विकतो," मी फाडकन बोललो. लगेच लाज वाटली. ती पिरोगी उलटायला लागली.

घरी घेऊन जा म्हणे. कसा नेणार? आदल्या आठवड्यात मी पेल्टिए मास्तरशी बोलून पाहिलं होतं. तो भला माणूस. म्हणाला, "लुबोला नुसतं खेळू दे म्हणून मीच वर्षभर सांगतोय. पण तो ऐकतो कुठे? आणि मी त्याला बसवला तर मर्डो मला गावात राहू देईल?" म्हणजे मास्तर लुबोकडे बोट दाखवणार, लुबो गावाकडे, गाव मर्डोकडे. आणि मर्डोचं बोट कुणाकडे होतं हे फक्त मला माहीत होतं. निदान तोवर मला तसं वाटत होतं.

सांगूनच टाकतो. तीन वर्षांपूर्वी लुबो चौथ्या फळीत खेळायचा. हात हलका, पास असा द्यायचा की समोरच्याला नुसती काठी टेकवायची. पण बर्फावर यायचा तो पाच-सहा मिनिटं. कुणी नाव घेत नव्हतं. शनिवारी सकाळी मर्डोचा फोनचा कार्यक्रम असतो, लोक फोन करतात, मर्डो त्यांना झापतो. मी कोठारामागच्या फोनवरून फोन लावला. आवाज जरा जाडा केला. "मी वेस बोलतोय, सेज हिलहून," म्हणालो. "तो ऑरेस्ट ह्रिंकीवचा पोरगा दिसतो मवाळ, पण त्याला मोकळा सोडून बघा. लोखंड आहे लोखंड. त्याच्या बापालाही कळत नाही तो काय आहे ते." मर्डो जाम खूश झाला. पुढच्याच मॅचला त्याने सुरू केलं, "आज बघू, ह्रिंकीवच्या अंगात पाणी आहे की रक्त!" त्या दिवशी लुबोने पहिल्यांदा हातमोजे फेकले. जिंकला. सहाशे माणसं उठून उभी राहिली. आणि मी पेटीत त्याच्या शेजारी बसून रडलो, अभिमानाने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि एवढ्यावर भागलं नाही. दोन वर्षांपूर्वी हॉकी मंडळाने नियम काढला. मारामारी करून पेटीत बसलेल्याला बाहेर सोडण्याआधी पंचाने दोन प्रश्न विचारायचे: गोल किती झाले, आणि मॅचच्या तीन भागांपैकी कितवा चालू आहे. उत्तर चुकलं तर डोक्याला मार लागलाय असं धरायचं, त्याला बाहेर काढायचं आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पुन्हा खेळू द्यायचं नाही. गोलफलक पेटीच्या बरोब्बर वर आहे, आत बसलेल्याला दिसत नाही. यंदा जानेवारीत पंच प्रश्न घेऊन आला आणि लुबो कोरा चेहरा करून माझ्याकडे बघायला लागला. लहानपणी चर्चमध्ये प्रार्थना विसरली की असाच बघायचा. मी पंचाच्या आड गालावर तीन बोटं टेकवली, मग एक. "तीन-एक," लुबो म्हणाला. मग दोन बोटं. "दुसरा भाग." पंचाने मान हलवली. मी कडी काढली.

तेव्हापासून ती आमची रीतच होऊन बसली. चारदा झालं असं. चारदा मीच माझ्या पोराला पास केलं.

मॅच सुरू झाली. पेल्टिएचा सापळा झकास लागला होता. रस्कची मंडळी मधल्या पट्ट्यात आली की अडकायची, चकती घालवायची आणि शिव्या द्यायची. दुसरा भाग संपला तेव्हा आपण दोन-एक पुढे. पण माझ्या कानात मर्डो कुरकुरत होता. "झोप आली मंडळी! ही हॉकी आहे की विणकामाचा वर्ग? खुंटा कुठाय? खुंट्याला गंज लागला काय?"

तिसरा भाग सुरू होऊन दोनच मिनिटं झाली असतील. रस्कने आपल्या सर्वांत लहान खेळाडूला मागून कठड्यावर आपटलं. पंचाने पाहिलं नाही, सहाशे लोकांनी पाहिलं. मर्डो किंचाळला, "आता कळेल! आता कळेल गावाला!" आणि लुबोने हातमोजे फेकले.

मी खूप मारामाऱ्या बघितल्यात. ही बघवली नाही. रस्कचा पहिलाच ठोसा लुबोच्या कानामागे बसला, हेल्मेट उडालं. लुबोचे गुडघे एकदा वाकले. तरी त्याने रस्कचा शर्ट सोडला नाही, डावा हात चालवतच राहिला आणि शेवटी दोघं आडवे झाले. रिंक दणाणून गेली. "रोवला!" मर्डो ओरडत होता. "खुंटा रोवला!"

पंचाने दोघांना पाच-पाच मिनिटं दिली. रस्क पलीकडच्या पेटीत, लुबो माझ्या. मी दार लावलं, कडी घातली.

"किती झाले?" लुबोने विचारलं.

"दोन-एक. आपण पुढे."

त्याने टॉवेलने नाक पुसलं. वर छताकडे बघत बसला. मिनिटभराने म्हणाला, "किती झाले?"

"दोन-एक, लुबो."

"रस्क कुठाय?"

रस्क दहा हातांवर, काचेपलीकडे, तोंडावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. लुबो तिकडेच बघत होता, आणि त्याला तो दिसत नव्हता.

"बाळा, आज आता परत जाऊ नकोस," मी म्हणालो. "पंचाला सांग डोकं दुखतंय. मी सांगतो हवं तर."

"वेडा आहेस का तातो?" बाबा न म्हणता तो मला तातोच म्हणतो. "न जाऊन कसं चालेल? रस्क बाहेर येणार, मग आपल्या पोरांकडे कोण बघणार?"

"पेल्टिए बघेल. सापळा बघेल. तुला कुणी जबरदस्ती केलीय?"

तो हसला. दातांवर रक्त होतं. "तूच तर फोन केला होतास."

मला वाटलं माझ्याच कानाचा काही घोळ झाला. यंत्र काढून हातात घेतलं.

"कुठला फोन?"

"'मी वेस बोलतोय, सेज हिलहून,'" त्याने माझा तो जाडा आवाज हुबेहूब काढला. "ट्रकमध्ये बसून ऐकत होतो मी. तुझा आवाज मला कळणार नाही होय? आधी हसलो. मग म्हटलं, तातोला एवढं हवंय, तर करू की. त्यात काय!"

तीन वर्षं. तीन वर्षं मी मर्डोला शिव्या घालत होतो, गावाला घालत होतो, आणि हा पोरगा माझ्यासाठी तोंड फोडून घेत होता. देवाशपथ सांगतो, त्या क्षणी तिथून पळून जावंसं वाटलं. पण पळणार कुठे? मागे भिंत, पुढे काच, आणि शेजारी तो.

"लुबो," मी म्हणालो, "ते मी मूर्खासारखं..."

"किती झाले?" तो म्हणाला.

पाच मिनिटं भरली. पुढे पहिल्यांदा खेळ थांबला की दोघांनी बाहेर यायचं. लोकांना ते ठाऊक होतं. ते पाय आपटायला लागले, "खुंटा! खुंटा!" ह्यूई आमच्या काचेला नाक लावून उभा, मुठीने काच बडवतोय. शिट्टी वाजली. पंचाने आधी रस्कला विचारलं, त्याच्या पेटीचं दार उघडलं आणि तो बाहेर आला. माझा हात कडीवर होता, पण हलेना.

"ऑरेस्ट!" ह्यूई ओरडला. "मर्डो म्हणतोय दार उघड! झोपलास का?" आणि मग सगळी रिंकच ओरडायला लागली. ज्यांच्या कानात मर्डो होता त्यांनी सुरुवात केली, मग बाकीच्यांनी. "दार उघड! दार उघड!" हातातल्या यंत्रातून मर्डोचा आवाज डासासारखा गुणगुणत होता. मी ते बाकाखाली टाकून दिलं.

पंच घसरत आला. तरुण माणूस, घाईत होता. "उघड ऑरेस्ट, गाव अंगावर येईल माझ्या. लुबो, पटकन सांग. गोल किती झाले?"

लुबोने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे.

मी दोन्ही हात काखेत दाबून धरले. आयुष्यात काही उचलायला एवढी ताकद लागली नव्हती. तो बघत राहिला. मी बघत राहिलो. माझी बोटं हातमोज्यांच्या आत आपोआप उघडत होती, दोन आणि एक, दोन आणि एक. मी ती मिटून घेतली.

"तीन-एक," लुबो म्हणाला.

ते जानेवारीतलं उत्तर होतं. मीच शिकवलेलं.

पंच थबकला. त्याने वर फलकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाईट नव्हता तो, वाट काढून देत होता. "तीन-एक म्हणतोय ऑरेस्ट. गोंगाट फार आहे, मला नीट ऐकू आलं नसेल. दोन-एक म्हणाला ना?"

नुसती मान हलवायची होती. सहाशे माणसं, चषक, ह्यूई, मर्डो, सगळे त्या मानेवर बसले होते.

"नाही," मी म्हणालो. "चुकला तो. मॅचचा कितवा भाग तेही त्याला माहीत नाही. गेली चार उत्तरं माझी होती. लिहून घे."

"तातो?" लुबो म्हणाला. शाळेत एकटं सोडून निघालो होतो तेव्हा जसं म्हणाला होता, अगदी तसं.

मी कडी काढली.

मॅच नंतर आपणच जिंकलो, दोन-एक, सापळ्यावर. खुंट्याशिवाय. दारामागची माझी एकवीस वर्षं मंडळाने त्याच आठवड्यात संपवली, ते बरोबरच केलं. मर्डो त्या दिवशी रेडिओवर काय म्हणाला, याबद्दल गावात अजून दोन मतं आहेत. ह्यूई म्हणतो तो रडला, बर्निस म्हणते त्याने जाहिरात लावली. मला ऐकायचंही नाही.

तर कडी काढून आम्ही दोघं बर्फावर उतरलो. कपडे बदलायच्या खोलीकडचं दार रिंकच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याला सावरायला म्हणून मी त्याचा दंड धरला, पण माझ्या पायात रबरी बूट. तिसऱ्याच पावलाला मी घसरलो, आणि लुबोनेच मला काखेत हात घालून उभं केलं. पायाखाली स्केट असले की तो पडत नाही, लहानपणापासून. ओरडा थांबला होता. कडेला उभे असलेले खेळाडू बर्फावर काठ्या आपटत होते. जखमी माणूस बाहेर जाताना आपटतात तशा, हळूहळू, आपलेही आणि त्यांचेही. रस्कसुद्धा. लुबोने सगळीकडे बघितलं, पण ते कुणासाठी चाललंय हे काही त्याच्या ध्यानात येईना.

"तातो," तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "उत्तर बरोबर आलं ना माझं?"

"आलं, बाळा," मी म्हणालो. "घरी चल. आई वाट बघतेय."